आगामी अंकाचा तर्क : दीर्घजीवी सुपरहिरो-चित्रकथा आणि तिचा नित्यवाचक

१

अमेरिकेतील सुपरहिरो-चित्रकथा हा गेली ऐंशीहून अधिक वर्षे अखंडपणे चालत आलेला कथाप्रकार आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्यापाठोपाठ १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन आला आणि १९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडर-मॅन. या सहा निर्मात्यांपैकी आज कोणीही हयात नाही. नायक मात्र तरुणच राहिले आहेत आणि त्यांच्या कथा नवनव्या लेखक-चित्रकारांच्या हातून पुढे चालू आहेत. नायकाची मालकी प्रकाशनसंस्थेकडे आणि लेखन वेतनावर वा मोबदल्यावर नेमलेल्या व्यक्तींकडे, अशी या कथाप्रकाराची व्यवस्था असल्यामुळे ‘लेखकाच्या मनातील शेवट’ ही कल्पनाच येथे लागू पडत नाही.

अशा मालिकेचा नित्यवाचक एक अंक संपल्यानंतर आणि दुसरा हाती येण्यापूर्वी जे करतो, त्याकडे साहित्यविचाराने पुरेसे लक्ष दिलेले नाही. हा वाचक तर्क करतो. मुखवट्याआड कोण आहे, कोणाचा मृत्यू होणार, कोण परतणार, नायकाचा विवाह टिकणार की मोडणार, नवा लेखक येताच जुने काय पुसले जाणार, याविषयी तो अनुमाने बांधतो, त्यांना पुरावे जोडतो आणि इतर वाचकांशी वाद घालतो. वरवर पाहता हा निव्वळ कालहरणाचा उद्योग वाटतो. परंतु त्यात एक लक्षणीय विसंगती आहे. मोठा म्हणून जाहीर झालेला कोणताही बदल बहुधा टिकत नाही, हे या वाचकाला अनुभवाने पुरते ठाऊक असते. तरीही तो बदलाविषयीचा तर्क तितक्याच गांभीर्याने करतो. जे टिकणार नाही त्याच्याविषयी इतकी आस्था का, हा प्रस्तुत लेखापुढील प्रश्न आहे. या तर्काचा बाह्य विषय आगामी अंक असला, तरी त्याचा गाभा भूतकाळाशी निगडित आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. आतापर्यंत जे वाचले ते पुढेही खरे राहील काय, ही या तर्कामागची खरी चिंता होय.

२

या वाचनव्यवहाराचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम कथाप्रकाराची घडण लक्षात घ्यावी लागते. इटालियन चिंतक उम्बेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेल्या निबंधात या घडणीतील अंतर्विरोध नेमका दाखवून दिला आहे. पुराणकथेतील नायकाचे चरित्र श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. तो स्थिर असतो. कादंबरीतील नायकाचे पुढे काय होईल हे वाचकाला माहीत नसते. तो घडत जातो. सुपरमॅनने एकाच वेळी दोन्ही असावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. त्याचे रूप पुराणपुरुषाप्रमाणे अढळ राहिले पाहिजे आणि त्याची कथा मात्र कादंबरीप्रमाणे अनपेक्षित असली पाहिजे. परंतु प्रत्येक कृती माणसाला मृत्यूच्या दिशेने एक पाऊल पुढे नेते. नायकाने विवाह केला, त्याला अपत्य झाले, त्याचे वय वाढले, की तो खर्ची पडू लागतो. म्हणून त्या काळातील सुपरमॅन-कथांमध्ये काळ धूसर ठेवला जाई. आधीच्या कथेचा पुढच्या कथेशी संबंध जुळवला जात नसे आणि विवाहासारख्या अपरिवर्तनीय घटना ‘काल्पनिक कथा’ म्हणून वेगळ्या काढल्या जात.

एकोंचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी स्पायडर-मॅनचा जन्म झाला, हा योगायोग उद्बोधक आहे. कारण या नव्या नायकाच्या मालिकेने काळाला कथेत प्रवेश दिला. शाळकरी पीटर पार्कर १९६५ मध्ये शाळेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेला. एका अंकातील घटनेचे परिणाम पुढच्या अंकांत जाणवू लागले. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या इतर मालिकांतही हेच घडू लागले आणि सर्व मालिका मिळून एकच सलग इतिहास आहे, अशी धारणा रूढ झाली. रिचर्ड रेनॉल्ड्स यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात ‘कथासातत्य’ या कल्पनेला सुपरहिरो-चित्रकथेच्या आकलनात मध्यवर्ती स्थान दिले आहे, ते या दृष्टीने योग्यच होय.

मात्र काळाला प्रवेश मिळाला तरी शेवटाला मिळाला नाही. येथे संस्कृत नाट्यशास्त्रातील कार्यावस्थांची कल्पना उपयोगी पडते. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्थांतून नाट्यकार्य पुढे सरकते. त्यांतील प्राप्त्याशा ही अवस्था उपाय आणि अपाय या दोहोंच्या शंकेने भारलेली असते. फळ मिळेल असे वाटते आणि हुकेल असेही वाटते. सुपरहिरो-चित्रकथा या तिसऱ्या अवस्थेतच कायमची थांबलेली आहे. फलागम झाला तर मालिका संपेल, आणि मालिका संपणे मालकाला परवडणारे नाही. मराठी वाचकाला ‘क्रमशः’ हा शब्द अपरिचित नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत असताना यमूचे पुढे काय होणार याची उत्कंठा तत्कालीन वाचकालाही लागलेली असणार. परंतु त्या वाचकासमोर एक लेखक होता आणि त्या लेखकाच्या हाती कथेचा शेवट होता. अमेरिकन चित्रकथेच्या वाचकाला या दोन्ही गोष्टींचा आधार नाही. त्याच्या तर्काचे वेगळेपण येथून सुरू होते.

३

हा तर्क दोन प्रकारच्या पुराव्यांवर उभा राहतो. पहिला प्रकार संहितेच्या अंतर्गत पुराव्यांचा. रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये ‘एस/झेड’ या ग्रंथात कथेतील रहस्यसंहितेची चर्चा केली आहे. प्रश्न उपस्थित करणे, उत्तर लांबवणे, चुकीची दिशा दाखवणे आणि शेवटी उलगडा करणे अशी तिची वाटचाल असते. पुस्तकात हा विलंब पाने उलटण्याइतका असतो. मासिक चित्रकथेत तो प्रत्यक्ष तीस दिवसांचा असतो आणि ते तीस दिवस वाचक तर्काने भरून काढतो.

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या जून १९७३ च्या १२१ व्या अंकाचे मुखपृष्ठ हे या दृष्टीने एक उत्कृष्ट उदाहरण आहे. स्पायडर-मॅनच्या जवळच्या व्यक्तींची चित्रे या मुखपृष्ठावर मांडलेली आहेत आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू होणार असल्याचे सांगितले आहे. तो कोणाचा, हे मात्र सांगितलेले नाही. कथेचे शीर्षक नेहमीप्रमाणे पहिल्या पानावर न देता शेवटच्या पानावर दिले आहे, कारण शीर्षकातच मृत व्यक्तीचे नाव होते. गेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी रेखाटलेल्या या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. म्हाताऱ्या मे काकूंवर वारंवार प्राणसंकटे येत असल्याने वाचकाचे लक्ष त्यांच्याकडे जाणे स्वाभाविक होते. तर्काला वाट करून द्यावयाची आणि मग त्याला हुलकावणी द्यावयाची, ही कला येथे मुखपृष्ठापासूनच योजलेली दिसते.

अंतर्गत पुराव्यांची ही सवय वाचकांच्या पत्रांच्या सदरांनी जोपासली. पत्र छापून येईपर्यंत सामान्यतः तीन-चार महिने जात. त्यामुळे कथेची दिशा आयत्या वेळी बदलण्याचे सामर्थ्य त्यात क्वचितच असे. त्याचे महत्त्व वाचनाचे शिक्षण देण्यात होते. कथेत विसंगती आढळली, तर स्टॅन ली यांच्या संपादनकाळात ती दाखवणाऱ्या, विशेषतः ती विसंगती नाहीच असे युक्तीने सिद्ध करणाऱ्या वाचकाला ‘नो-प्राइझ’ नावाचे पारितोषिक मिळे. हे पारितोषिक म्हणजे एक रिकामा लिफाफा असे. विनोदाचा भाग सोडला, तर या प्रथेचा अर्थ गंभीर आहे. संहिता अनेक हातांनी लिहिलेली असली तरी तिची एकवाक्यता साधता येते आणि ती साधण्याचे कर्तव्य वाचकाचे आहे, अशी शिकवण तिने दिली. मीमांसकांनी परस्परविरोधी भासणाऱ्या वचनांचा समन्वय करण्यासाठी जी दृष्टी वापरली, तिचे एक लौकिक आणि खेळकर रूप या पत्रसदरांत आढळते. भविष्याविषयीचा तर्क हा याच समन्वयाचा पुढचा टप्पा होय. ज्याला मागच्या शंभर अंकांची संगती लावता येते, त्याला एकशे एकाव्या अंकाचे अनुमान करण्याचा अधिकार आपोआप मिळाल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रकार संहितेबाहेरील पुराव्यांचा. १९७० च्या दशकापासून चित्रकथांची विक्री वृत्तपत्रांच्या टपऱ्यांकडून हळूहळू स्वतंत्र दुकानांकडे वळली. या दुकानदारांना न खपलेले अंक परत करता येत नसत. म्हणून सुमारे दोन महिने आधी मागणी नोंदवावी लागे आणि त्यासाठी आगामी अंकांची मुखपृष्ठे व त्रोटक वर्णने असलेली सूची प्रसिद्ध होई. व्यापारासाठी काढलेली ही सूची वाचकांनी पूर्वसूचना म्हणून वाचण्यास प्रारंभ केला. एखाद्या पात्राच्या नावाने पुढील तिमाहीत मालिकाच जाहीर झालेली नसेल, तर ते पात्र मरणार असे अनुमान निघे. लेखकाची बदली, चित्रपटाची घोषणा, मालिकेचा शंभरावा वा पाचशेवा अंक, या साऱ्यांना पुराव्याचे मोल आले.

सुपरमॅनच्या मृत्यूचा प्रसंग हे या दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण. १९९० मध्ये क्लार्क केंट आणि लॉइस लेन यांचा वाङ्निश्चय झाला होता आणि विवाह जवळ येत होता. परंतु त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर या दोघांची मालिका येऊ घातली. दोन्हीकडचे विवाह एकाच वेळी व्हावेत म्हणून चित्रकथेतील विवाह पुढे ढकलण्यात आला आणि मोकळ्या पडलेल्या जागेत लेखकमंडळाने नायकाचा मृत्यू योजला. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक विक्रीस आला. त्याची वार्ता वृत्तपत्रांनी आधीच छापली होती; त्यामुळे नायक मरणार काय, हा प्रश्नच उरला नव्हता. तो कसा परतणार, एवढाच प्रश्न होता. १९९३ मध्ये त्याच्या जागी चार निरनिराळ्या व्यक्ती उभ्या करून ‘यांतील खरा कोण?’ असे कोडे घालण्यात आले. प्रत्यक्षात चौघांपैकी एकही खरा नव्हता; मूळ नायकच परतला. विवाह झाला तो १९९६ मध्ये, दूरचित्रवाणीवरील विवाहाच्या सोबतीने.

या अंकाच्या लाखो प्रती खपल्या. त्यांतील अनेक प्रती भविष्यात भाव वाढेल या आशेने न उघडता ठेवून देण्यात आल्या. असा सट्टा करणारा ग्राहक आणि तर्क करणारा वाचक यांच्यात भेद करणे अगत्याचे आहे. सट्टेवाल्याच्या लेखी अंक बंद राहण्यात लाभ होता. तर्क करणाऱ्याला तो उघडून, आधीच्या अंकांशेजारी ठेवून वाचावा लागत होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात ही तेजी ओसरली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. सट्टेवाला ग्राहक निघून गेला. तर्क करणारा वाचक राहिला. तर्क हा केवळ जाहिरातीने निर्माण केलेला ज्वर असता, तर तोही बाजाराबरोबर ओसरावयास हवा होता.

४

वाचकांचा तर्क आणि प्रकाशकाचा निर्णय यांच्यातील अंतर जेव्हा नाहीसे होते तेव्हा काय घडते, हे दोन परस्परविरुद्ध उदाहरणांतून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण १९८८ चे. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन याची भूमिका त्या वेळी जेसन टॉड या पात्राकडे होती आणि अनेक वाचकांना तो रुचला नव्हता. संपादक डेनिस ओ’नील यांनी त्याचे भवितव्य वाचकांच्या हाती सोपवले. जिम स्टारलिन यांनी लिहिलेल्या आणि जिम अपारो यांनी रेखाटलेल्या कथेत ‘बॅटमॅन’च्या ४२७ व्या अंकाच्या शेवटी जेसन स्फोटात सापडतो. त्या अंकात दोन दूरध्वनी क्रमांक दिलेले होते. एक त्याला जगवण्यासाठी, दुसरा त्याच्या मृत्यूसाठी. प्रत्येक दूरध्वनीला पन्नास सेंट आकार होता आणि सप्टेंबरच्या मध्यास सुमारे दीड दिवस मतदान चालले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जीवनाच्या बाजूने ५,२७१ मते पडली. ७२ मतांच्या फरकाने एका पात्राचा अंत झाला.

वाचकाला एवढा अधिकार पूर्वी मिळालेला नव्हता. तरीही हा तर्काचा विजय म्हणता येत नाही. तर्क करण्यासाठी आपल्याहून वेगळ्या कोणीतरी काहीतरी ठरवलेले असणे आवश्यक असते. पुरावा त्या ठरलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो. येथे काहीच ठरलेले नव्हते. दोन्ही शेवट तयार ठेवलेले होते. त्यामुळे आधीच्या अंकांतील कोणतीही चौकट कशाचीही सूचक राहिली नाही. वाचकाला निवड मिळाली, पण अनुमानाचे कारण उरले नाही. हा मृत्यू तरी अंतिम ठरावा, तर तेही झाले नाही. २००५ मध्ये जेसन टॉड परतला. न वापरलेल्या पानानुसार जेसन जिवंत राहतो अशी त्या ४२८ व्या अंकाची आवृत्ती २०२३ मध्ये प्रकाशितही झाली. मतपेटीने नाकारलेला शेवटही अखेर बाजारात आला.

दुसरे उदाहरण १९९१ चे. ‘आर्मागेडन २००१’ या कथाचक्रात सध्याच्या नायकांपैकीच एकजण भविष्यात मोनार्क नावाचा जुलमी सत्ताधीश होणार असल्याचे सांगून, तो कोण हे शोधण्याचे आव्हान वाचकांना देण्यात आले होते. उन्हाळाभर निघालेल्या अनेक वार्षिकांकांत हे कोडे पसरलेले होते. मोनार्क म्हणून कॅप्टन ॲटम या नायकाची योजना होती. ही बातमी प्रकाशनापूर्वी फुटली आणि प्रकाशकाने आयत्या वेळी उत्तर बदलले. हॉक नावाचा दुसराच नायक मोनार्क ठरला. हे नवे उत्तर त्याच कथाचक्रातील आधीच्या पुराव्यांशी जुळत नव्हते.

वाचकाचा तर्क चुकणे ही सामान्य बाब आहे. चुकलेला वाचक मागे जाऊन पाहतो आणि आपल्या नजरेतून काय निसटले ते शोधतो. त्यामुळे मूळ संहिता त्याच्या दृष्टीने अधिक समृद्ध होते. ‘आर्मागेडन २००१’मध्ये मात्र मागे जाऊन काही सापडण्यासारखे नव्हते. उत्तर बदलताना प्रकाशकाने रहस्य वाचवले आणि पुरावा गमावला. वाचकांचा रोष झाला तो अनपेक्षिततेबद्दल नव्हता. काळजीपूर्वक वाचन केल्याबद्दल शिक्षा झाली, ही त्यांची तक्रार होती. या दोन उदाहरणांवरून असे म्हणता येते की, या वाचकाला कथेवर सत्ता नको असते आणि निव्वळ धक्काही नको असतो. आपण वाचलेल्याला काही वजन आहे, एवढी ग्वाही त्याला हवी असते.

५

या ग्वाहीचा भूतकाळाशी असलेला संबंध स्पायडर-मॅनच्या दोन प्रसंगांतून विशेष ठळक होतो.

१९७५ मध्ये कॉनवे यांनी लिहिलेल्या एका कथेत एका वैज्ञानिकाने पीटरचे प्रतिरूप, म्हणजे क्लोन, निर्माण केले होते. दोघांच्या झुंजीत प्रतिरूप मेले असे कथेने सांगितले आणि प्रकरण मिटले. १९९४ मध्ये हेच प्रतिरूप जिवंत असल्याचे दाखवून एक दीर्घ कथाचक्र सुरू करण्यात आले. त्याने बेन रायली हे नाव धारण केले होते. १९९५ मध्ये तपासणीचा निष्कर्ष असा सांगण्यात आला की, रायली हाच मूळ पीटर असून इतकी वर्षे वाचकांनी ज्याच्या कथा वाचल्या तोच प्रतिरूप आहे.

पुढे काय होणार, याविषयी त्या काळात वाचकांमध्ये असंख्य तर्क झाले. परंतु त्या तर्कांचा रोख पाहण्यासारखा आहे. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांतील कथांचे काय, हा त्यांतील कळीचा प्रश्न होता. १९८४ मध्ये रॉजर स्टर्न यांनी लिहिलेली एक छोटी कथा आहे. स्पायडर-मॅनविषयीची कात्रणे जमवणाऱ्या एका लहान मुलाला तो रात्री भेटतो, त्याच्याशी गप्पा मारतो आणि निघण्यापूर्वी आपला मुखवटा उतरवून आपले खरे नाव सांगतो. मुलगा दुर्धर आजाराने थोड्याच दिवसांचा सोबती आहे, हे वाचकाला अखेरीस कळते. त्या रात्री मुखवटा उतरवणारा पीटर खरा नव्हता, तर त्या मुलाला मिळालेले सत्यही खोटे ठरते. १९८७ मध्ये मेरी जेन वॉट्सनशी झालेला विवाहही प्रतिरूपाचा ठरतो. नव्या अंकातील एका वाक्याने जुने अंक बदलले नव्हते; त्यांतील एकही चौकट हलली नव्हती. तरीही त्यांचा अर्थ हलला होता. १९९६ च्या डिसेंबरच्या अंकात रायली मरण पावला, त्याचे शरीर भुकटी होऊन विरले आणि प्रतिरूप तोच होता हे सिद्ध झाले. १९७३ मध्ये मेलेला नॉर्मन ऑस्बॉर्न या साऱ्या कारस्थानाचा सूत्रधार म्हणून परतला. वाचकांना त्यांची वीस वर्षे परत मिळाली, पण त्यासाठी एका जुन्या मृत्यूची किंमत मोजावी लागली.

अशा पूर्वलक्ष्यी बदलांसाठी ‘रेटकॉन’ ही संज्ञा रूढ आहे. १९८३ मध्ये रॉय थॉमस यांच्या ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ या मालिकेच्या पत्रसदरात तिचे मूळ रूप छापून आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. थॉमस हे स्वतः वाचकवर्गातून आलेले लेखक. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांच्यासह त्यांनी ‘ऑल्टर ईगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक सुरू केले आणि १९६५ मध्ये ते मार्व्हलमध्ये दाखल झाले. जिम शूटर यांची पहिली कथा १९६६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, प्रसिद्ध झाली. पुढे १९७८ ते १९८७ या काळात ते मार्व्हलचे मुख्य संपादक होते. कालचा तर्क करणारा वाचक आजचा लेखक होतो आणि आपल्या बालपणीच्या अंकांतील सांधे जुळवण्यासाठी किंवा आपल्याला प्रिय असलेली स्थिती पुन्हा आणण्यासाठी लेखणी चालवतो. पुष्कळशा रेटकॉनच्या मुळाशी लहानपणी केलेला एखादा तर्कच असतो.

दुसरा प्रसंग २००७ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या ‘वन मोअर डे’ या चार भागांच्या कथेचा. मरणासन्न मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन मेफिस्टो या सैतानी शक्तीशी करार करतात आणि मोबदल्यात आपला विवाह गमावतात. तो मोडत नाही. तो कधी झालाच नव्हता, असे होते. एकोंनी दाखवलेला अंतर्विरोध येथे उघडा पडतो. विवाहाने नायक खर्ची पडतो म्हणून प्रकाशकाला तो नको होता, आणि घटस्फोटाने तो आणखी खर्ची पडला असता म्हणून तोही नको होता. कथेचे लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनीही शेवटाविषयीचे आपले मतभेद जाहीरपणे नोंदवले.

तेव्हापासून या मालिकेविषयीच्या तर्कांत एक प्रश्न सातत्याने येत राहिला आहे : विवाह परत कधी येणार? नवा लेखक आला की तो नव्याने विचारला जातो. निक स्पेन्सर यांनी २०१८ मध्ये मालिका हाती घेताच पीटर आणि मेरी जेन यांना पुन्हा एकत्र आणले. त्यामुळे त्या कराराचा उलगडा होणार, असा तर्क तीन वर्षे केला गेला. २०२१ मध्ये त्यांचे लेखन संपले, पण विवाह परतला नाही. २०२४ च्या जानेवारीत जॉनथन हिकमन यांची ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातील पीटर विवाहित असून दोन मुलांचा पिता आहे; मात्र तो वेगळ्या विश्वातील पीटर आहे. एकोंनी वर्णिलेल्या ‘काल्पनिक कथे’ची युक्ती साठ वर्षांनंतर नव्या रूपात उपयोगी पडली. मूळ मालिकेच्या वाचकाचे समाधान मात्र त्याने पूर्णतः झाले, असे म्हणता येत नाही. त्याला विवाहित नायक हवा आहे हे खरे. पण त्याहून अधिक त्याला आपण १९८७ पासून वाचलेला विवाह हवा आहे.

ग्रीन लँटर्न या नायकाच्या बाबतीत हीच आस संघटित रूपात प्रकटली. १९९४ मध्ये हॅल जॉर्डन हा नायक खलनायक झाला आणि त्याच्या जागी काइल रेनर आला. जॉर्डनच्या चाहत्यांनी संघटना स्थापून त्याच्या पुनर्वसनाची मागणी लावून धरली. २००४-०५ मध्ये जेफ जॉन्स यांच्या ‘ग्रीन लँटर्न : रीबर्थ’ या कथेने तो परतला आणि त्याची दुष्कृत्ये त्याच्यात शिरलेल्या एका भयरूपी परजीवी शक्तीची होती, असे स्पष्टीकरण देण्यात आले. केवळ परत आणणे येथे पुरेसे नव्हते. तो असा वागलाच कसा, या दहा वर्षे जुन्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते. म्हणजे पुन्हा भूतकाळाचीच दुरुस्ती करावी लागली.

६

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. दीर्घजीवी सुपरहिरो-चित्रकथेत भविष्य कधीच पूर्णपणे घडत नाही. ते सतत मागे घेता येते. त्यामुळे वाचकाच्या हाती निश्चित असे एकच उरते, ते म्हणजे त्याने आजवर वाचलेले. परंतु या कथाप्रकाराची घडण अशी की, तेही पुढच्या अंकाच्या अधीन असते. छापील पाने त्याच्या कपाटात असतात. त्यांचा अर्थ दुसऱ्याच्या हाती असतो. आगामी अंकाविषयी तर्क करणारा वाचक वस्तुतः आपल्या पूर्ववाचनाची राखण करीत असतो. बदल टिकणार नाही हे ठाऊक असूनही तो त्याविषयी गांभीर्याने बोलतो, याचे कारण बदल तात्पुरता असला तरी त्याच्या येण्याजाण्याने मागील कथांवर उमटणारे ओरखडे तात्पुरते नसतात. रायली गेला, पण ऑस्बॉर्नचा मृत्यू पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही.

या वाचनव्यवहाराला बाळबोध समजून बाजूला सारणे सोयीचे असले, तरी योग्य नाही. संहितेतील सूक्ष्म खुणा टिपणे, विसंगतींचा समन्वय करणे, अंतर्गत आणि बाह्य पुरावा यांत भेद करणे, लेखकाचा हेतू आणि प्रकाशकाचा व्यवहार यांचे परस्परसंबंध जाणणे, ही सारी कौशल्ये पदव्युत्तर वर्गात प्रयत्नपूर्वक शिकवावी लागतात. येथे सामान्य वाचक ती स्वतःहून, पदराला खार लावून आत्मसात करतो. अर्थात या व्यवहाराची मर्यादाही स्पष्ट आहे. भूतकाळाची राखण करणारा वाचक अनेकदा कोणत्याही खऱ्या नावीन्याला विरोध करतो. काइल रेनरसारख्या नव्या पात्राला केवळ ते जुन्याच्या जागी आले म्हणून नाकारले जाते. १९७३ मध्ये ग्वेन स्टेसीच्या मृत्यूनेही वाचक दुखावले होते, आणि तीच कथा आज या मालिकेतील सर्वांत महत्त्वाच्या कथांत गणली जाते. म्हणून आगामी बदलाविषयीच्या वाचकांच्या तर्काचे परीक्षण करताना तो खरा ठरला की खोटा, यापेक्षा तो आजवरच्या कथेतील कोणती गोष्ट वाचवू पाहत आहे, हे तपासणे अभ्यासकाला अधिक फलदायी ठरेल.